विद्यापीठाच्या आवारात पाणी नेमकं कुठे अडतं? वितरण व्यवस्था तपासण्याची पद्धत

हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर पाणी येईनासं झालं की बहुतेक विद्यापीठांत एकच निष्कर्ष निघतो: पाणी कमी पडतंय, नवी बोअर मारा, नाहीतर टँकर मागवा. टँकर येतो, आठवडा निभतो आणि मूळ प्रश्न पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो. पुष्कळ आवारांत उगमाला पाणी पुरेसं असतं, उंच टाकीही रोज भरते. पण ते पाणी ठरवून दिलेल्या तीन-चार तासांत, आहे त्या पाइपातून, हव्या त्या इमारतीपर्यंत पोचत नाही. पाणी कमी आहे की अडलं आहे, हे टँकरची ऑर्डर देण्याआधी कळायला हवं.

त्यासाठी बाहेरचा सल्लागार लागतोच असं नाही. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचे चार-पाच विद्यार्थी, एक शिक्षक, स्थावर विभागातला एक अभियंता आणि रोज पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन एवढी माणसं एका सत्रात हे काम पुरं करू शकतात. शहराच्या मानाने इथे एक मोठी सोय आहे. उगम, पंप, पाइप, टाक्या आणि नळ हे सगळं एकाच मालकाच्या ताब्यात असतं, त्यामुळे दोष सापडला की दुसऱ्या कुणाची परवानगी न मागता दुरुस्त करता येतो.

काम मात्र लहान समजू नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा ४११ एकरांचा. एवढ्या पसाऱ्यात वसतिगृहं, प्रयोगशाळा, निवासस्थानं, मेस आणि बागा वेगवेगळ्या दशकांत उभ्या राहतात. प्रत्येक नवी इमारत जवळच्या लाइनीला टी (फाटा काढणारा जोड) मारून जोडली जाते. मूळ लाइन जेवढ्या पाण्यासाठी टाकली होती त्याच्या कितीतरी पट भार तिच्यावर येतो, आणि त्याची नोंद कुठल्याच नकाशावर नसते.

आधी एक गोष्ट पक्की करा: पाइपाला नळ दिसत नाही, टाकी दिसते

पाठ्यपुस्तकातलं वितरण जाळं चोवीस तास भरलेलं असतं. माणसं नळ उघडतात तसं पाणी ओढलं जातं. सकाळी जास्त, दुपारी कमी. आपल्या आवारांत असं सहसा होत नाही. व्हॉल्व्हमन सकाळी चावी फिरवतो, लाइनीत पाणी येतं, प्रत्येक इमारतीच्या संपात किंवा गच्चीवरच्या टाकीत ते पडू लागतं, टाकी भरली की बॉल कॉक बंद होतो. नळ किती वाजता उघडला याच्याशी बाहेरच्या लाइनीचा संबंधच नसतो. टाकी रिकामी असेपर्यंत ती जेवढा दाब मिळेल तेवढं पाणी ओढत राहते. म्हणून जवळच्या आणि सखल भागातल्या टाक्या आधी भरतात आणि टोकाच्या, चढावरच्या टाक्यांना उरलेल्या वेळात उरलेलं पाणी मिळतं.

ही गोष्ट सुटली तर पुढचं सगळं विश्लेषण नीटनेटकं दिसतं आणि चुकीचं निघतं.

पहिली पायरी: नकाशा, आणि व्हॉल्व्हमनसोबत पायी फेरी

स्थावर विभागाकडून जे मिळेल ते घ्या: मास्टर प्लॅन, जुन्या निविदांमधले पाइपांचे तपशील, दुरुस्तीची बिलं. मग हे कागद घेऊन व्हॉल्व्हमनसोबत पूर्ण आवार पायी फिरा. कुठली चावी किती आट्यांनी उघडते, कुठली वर्षानुवर्षं अर्धीच उघडी आहे, कुठल्या चेंबरवर डांबर पडलं, कुठे दोन लाइनी जोडलेल्या आहेत, हे त्याला तोंडपाठ असतं. ही माहिती निवृत्तीबरोबर जाते, म्हणून ती लिहून घेणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं मी मानतो. त्याचं बोलणं मध्येच तोडू नका आणि अहवालात त्याच्या माहितीचा उल्लेख करा.

प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्या. प्रत्येक पाइपासाठी लांबी, व्यास, कशाचा आहे आणि अंदाजे कोणत्या वर्षी टाकला हे लिहा. हे सगळं क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या मोफत प्रणालीत चढवलं की पुढे संगणकावरच्या मॉडेलसाठी लांबी आपोआप मिळते.

व्यासाच्या बाबतीत एक फसवी जागा आहे. बीड आणि डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपाचा सांगितलेला व्यास आतल्या व्यासाच्या जवळपास असतो. एचडीपीई आणि यूपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपांचा मात्र बाहेरचा व्यास सांगतात. ११० मिमीच्या, दहा किलो दाबाच्या पीई-१०० प्रतीच्या पाइपाचा आतला व्यास सुमारे ९७ मिमीच भरतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण तोच प्रवाह नेताना दाबाचा तोटा सुमारे १.८ पट होतो. म्हणून हिशेबात नेहमी आतला व्यासच घ्या.

दुसरी पायरी: उंची मोजा, अंदाज करू नका

गुरुत्वावर चालणाऱ्या व्यवस्थेत उंचीचा प्रत्येक मीटर मोजला जातो. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि इमारतीच्या टाकीचं तोंड यांच्यात एकूण नऊच मीटरांचा फरक असेल, तर तीन मीटरांची चूक म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

मोबाइलच्या जीपीएसवरून आडवी जागा ठीक मिळते, उंची नाही. उपग्रहावरून घेतलेल्या मोफत उंची-नकाशांतही काही मीटरांची चूक असते. सिव्हिल विभागात ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन असतंच. सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून हेच काम करून घ्या. पंपहाउसच्या पायरीसारखा पक्का बिंदू बेंचमार्क धरा आणि तिथून पुढच्या जागांची पातळी घ्या: उंच टाकीचा तळ व ओव्हरफ्लो, प्रत्येक मुख्य टी, प्रत्येक इमारतीची जोती-पातळी, आणि संप किंवा गच्चीवरच्या टाकीत पाणी जिथून पडतं ते तोंड. शेवटची पातळी घ्यायची राहून जाते, आणि लागते तीच.

पठारावरच्या किंवा डोंगरउताराच्या आवारांत हे जास्त महत्त्वाचं. पवईच्या आयआयटीसारख्या टेकड्यांना लागून असलेल्या परिसरात एकाच लाइनीवरच्या दोन इमारतींना मिळणारा दाब निव्वळ चढ-उतारामुळे वेगळा पडू शकतो.

तिसरी पायरी: मागणीचा हिशेब

सुरुवात प्रमाणित आकड्यांनी करा. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या पाणीपुरवठ्याच्या नियमावलीत वसतिगृहासाठी दरडोई रोज १३५ लिटर, आणि दिवसा येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व कार्यालयांसाठी ४५ लिटर धरलेले आहेत. उदाहरणासाठी एक आवार कल्पू: वसतिगृहांत २,४०० विद्यार्थी, निवासस्थानांत १,२०० माणसं, दिवसा येणारे ५,०००.

वसतिगृहं: ३,२४,००० लिटर.
निवासस्थानं, १३५ लिटरप्रमाणे: १,६२,००० लिटर.
दिवसा येणारे: २,२५,००० लिटर.
एकूण रोज ७,११,००० लिटर, म्हणजे ७११ घनमीटर.

वाटेत १५ टक्के गळती धरली तर टाकीतून सुमारे ८३६ घनमीटर सोडावे लागतील. बागा, प्रयोगशाळांतली थंड पाण्याची यंत्रं आणि आरओ यांचा हिशेब वेगळा ठेवा. आरओ जेवढं पाणी शुद्ध करतो तेवढंच, कधी त्याहून जास्त, मोरीत सोडतो. प्रत्येक मजल्यावर एक यंत्र असेल तर हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा राहत नाही.

आता हेच ७११ घनमीटर सेकंदात बदला. चोवीस तासांत समान वाटले तर प्रवाह ८.२ लिटर प्रति सेकंद. सकाळच्या गर्दीसाठी नियमावली ५० हजारांखालच्या वस्तीला तिप्पट धरायला सांगते, म्हणजे २४.७. पण पाणी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तासच सोडलं, तर तेच पाणी चार तासांत न्यायचं म्हणजे ४९.४ लिटर प्रति सेकंद. सरासरीच्या सहापट. वेळापत्रक आखूड केलं की पाइप आपोआप लहान पडतो.

चौथी पायरी: मोजमाप

प्रमाणित आकडे फक्त सुरुवातीसाठी. त्यापुढे प्रत्यक्ष मोजा.

प्रवाह मोजायला उंच टाकीच्या निर्गम पाइपावर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर पाइपावर बाहेरून बसवायचा अल्ट्रासोनिक मीटर भाड्याने मिळतो. तोही नसेल तर उंच टाकीची येणारी लाइन बंद करून पातळी किती वेगाने उतरते ते पाहा. टाकीचं क्षेत्रफळ माहीत असलं की प्रवाह कळतो. इमारतीच्या टाकीतही हेच उलटं करता येतं: दर दहा मिनिटांनी पातळी किती चढली ते मोजपट्टीने लिहायचं. साधी पद्धत आहे, पण नीट केली तर भरवशाची आहे. तेवढ्या वेळात टाकीतून खाली पाणी जाणार नाही एवढं पाहा, नाहीतर वापर त्यात मिसळतो.

दाब मोजायला शून्य ते चार किलोचा प्रेशर गेज घ्या. दहा किलोचा गेज घेतला तर आपल्याकडचे बारीक फरक त्यावर दिसत नाहीत. थेट लाइनीवरच्या नळाला तो जोडा, टाकीनंतरच्या नळाला नव्हे. गेज जमिनीपासून किती उंचीवर होता ते लिहा. पाणी सुटण्याआधी अर्धा तास ते बंद झाल्यावर अर्धा तास दर पाच मिनिटांनी वाचन घ्या आणि वेळ मिनिटापर्यंत अचूक लिहा. निदान सहा-आठ जागी एकाच वेळी माणसं उभी करा, कारण वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या वाचनांची तुलना करता येत नाही. इथे विद्यार्थ्यांची फौज कामी येते.

याच दिवशी प्रत्येक इमारतीत पाणी किती वाजता यायला लागलं आणि टाकी किती वाजता भरली हे लिहा. नुसत्या या दोन रकान्यांवरून अर्धा रोग कळतो. जवळच्या इमारतीची टाकी पाऊण तासात भरून वाहत असेल आणि टोकाच्या हॉस्टेलला पाणी पोचायलाच दीड तास लागत असेल, तर बोअर मारून तो प्रश्न सुटणार नाही.

पाचवी पायरी: संगणकाआधी हाताने एक हिशेब

पाइपात घर्षणाने जाणारा दाब काढायला आपल्याकडे हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात. तोटा मीटरमध्ये काढायचा तर: १०.६७ गुणिले लांबी गुणिले प्रवाहाचा १.८५२ वा घात. त्याला सी-गुणांकाचा १.८५२ वा घात आणि व्यासाचा ४.८७ वा घात यांच्या गुणाकाराने भागायचं. लांबी आणि व्यास मीटरमध्ये, प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात. सी-गुणांक पाइपाचा गुळगुळीतपणा सांगतो: प्लॅस्टिकच्या पाइपाला १४० च्या आसपास, जुन्या बिडाला १०० किंवा त्याहूनही कमी.

आपल्या कल्पित आवारात वसतिगृहांकडे ६०० मीटर लांबीची, १५० मिमीची जुनी बिडाची लाइन जाते असं धरू. उंच टाकीतल्या पाण्याची खालची पातळी ६२८ मीटर, वसतिगृहाची जमीन ६०४, गच्चीवरच्या टाकीचं तोंड जमिनीपासून १५ मीटर वर म्हणजे ६१९. घर्षणात खर्च करायला हातात उरले ९ मीटर.

वसतिगृहांचे ३,२४,००० लिटर चार तासांत न्यायचे तर प्रवाह २२.५ लिटर प्रति सेकंद हवा. तेवढ्या प्रवाहाला तोटा येतो ११.६ मीटर. हातात ९ च आहेत. म्हणजे पाइप २२.५ लिटर देणारच नाही, तो सुमारे १९.६ वर थांबेल. चार तासांत २,८२,००० लिटर पोचतील आणि रोज ४२,००० लिटर कमी पडतील. दहा हजार लिटरचे चार टँकर रोज, तेही उंच टाकीत पाणी शिल्लक असताना.

आता हेच पाणी आठ तास सोडा. प्रवाह निम्मा, ११.२५ लिटर. तोटा निम्मा नाही, त्याहून कितीतरी कमी होतो: ३.२ मीटर. पाणी आरामात चढतं. पाइप तोच, टाकी तीच. बदलली ती फक्त चावी उघडी ठेवण्याची वेळ.

पर्याय म्हणून आठ तास न करता लाइन बदलायची ठरवली, तर नव्या एचडीपीई पाइपात आतला व्यास १५० मिमीच ठेवून तोटा ११.६ वरून ६.२ वर येतो. आणि जुन्या बिडाच्या आत गंजाची पुटं चढून मोकळा व्यास १२५ मिमीच उरला असेल, तर तोच तोटा २८ मीटरांवर जातो. एवढं समजायला कॅल्क्युलेटर पुरतो. या हिशेबात बेंड, व्हॉल्व्ह आणि इमारतीतल्या उभ्या पाइपाचे तोटे धरलेले नाहीत. ते वरून येतातच.

सहावी पायरी: मॉडेल

फाटे वाढले, लूप आले, अनेक टाक्या एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या की हाताचा हिशेब अपुरा पडतो. तेव्हा पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब संगणकावर काढणारं ईपॅनेट घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने बनवलेली ही प्रणाली मोफत आहे आणि जगभर वापरतात. २०२० मध्ये आलेली २.२ किंवा त्यापुढची आवृत्तीच वापरा, कारण दाबानुसार मागणी कमी-जास्त करण्याची सोय त्या आवृत्तीपासून आहे.

एकक लिटर प्रति सेकंद ठेवा, घर्षणासाठी हेझन-विल्यम्स निवडा. उंच टाकी हा टँक, पालिकेची जोडणी किंवा विहीर हा रिझर्व्हॉयर, प्रत्येक टी हे जंक्शन. इथवर सोपं आहे. खरी काळजी इमारतींच्या टाक्या दाखवताना घ्यावी लागते.

बहुतेक विद्यार्थी प्रकल्पांत इमारत म्हणजे जंक्शन धरून तिथे मागणी लिहून टाकतात. मग मॉडेल ते पाणी काहीही करून पोचवतं आणि टोकाला ऋण दाब दाखवतं. ऋण दाबाचा अर्थ एवढाच की तिथे तेवढं पाणी पोचणं अशक्य आहे. किती पोचेल हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या इमारतीसाठी एक टँक काढा. त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपाला चेक व्हॉल्व्हची स्थिती द्या, म्हणजे पाणी उलटं येणार नाही. टँकच्या पुढे एक जंक्शन जोडून तिथे माणसांची खरी मागणी आणि तिचा दिवसभराचा आकृतिबंध द्या: सकाळी सहा ते नऊ जास्त, दुपारी कमी, रात्री जेवणानंतर पुन्हा थोडी वाढ. टँक भरला की ईपॅनेट त्यात येणारं पाणी आपोआप थांबवतं, म्हणजे बॉल कॉकचं काम झालं.

एक बारकावा मात्र सांभाळा. गच्चीवरच्या टाकीत पाणी वरच्या तोंडातून पडतं, पण ईपॅनेटमधला टँक तळातून भरतो. टँक जशाच्या तशा मापाचा काढला तर रिकामा असताना तो खऱ्यापेक्षा जास्त पाणी ओढतो. म्हणून टँकचा तळ खऱ्या टाकीच्या तोंडाच्या पातळीवर ठेवा आणि घनफळ तेवढंच राखून त्याला उथळ करा. दहा हजार लिटरची टाकी असेल तर खोली १० सेंटिमीटर आणि व्यास ११.३ मीटर. चित्र विचित्र दिसतं, उत्तर बरोबर येतं.

चावी उघडण्या-बंद करण्याच्या वेळा कंट्रोलमध्ये लिहा आणि निदान तीन दिवसांचा काळ चालवा, म्हणजे पहिल्या दिवशी टाक्या किती भरलेल्या धरल्या याचा परिणाम पुसला जातो. कोणत्या इमारतीची टाकी किती वाजता रिकामी होते हा आलेख काढून पाहा. कुलसचिवांपुढे ठेवायला याहून बोलकं दुसरं काही नाही.

सातवी पायरी: मॉडेल आणि जमीन यांची जुळवणी

मॉडेलचे दाब आणि गेजवरचे दाब पहिल्या फटक्यात जुळत नाहीत. अशा वेळी सी-गुणांक खाली-वर करून आकडे बसवण्याचा मोह होतो. ते सर्वांत शेवटी करा. आधी क्रमाने पाहा: कुठली चावी अर्धवट बंद आहे का, व्यास चुकला का, कुठली जोडणी नकाशावर नाही का, उंची बरोबर आहे का. संशयित व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि पलीकडे गेज लावला की अर्धवट बंद चावी लगेच पकडली जाते. जुळवायला सी-गुणांक ४० पर्यंत खाली न्यावा लागत असेल, तर तिथे बहुधा पाइप खडबडीत नाही, काहीतरी अडलेलं आहे.

जुळवणीसाठी वाचनं भरपूर प्रवाह चालू असतानाची घ्या. प्रवाह कमी असेल तर तोटाही कमी असतो आणि कुठलाही सी-गुणांक बरोबर वाटतो. टोकाचा स्कवर व्हॉल्व्ह (लाइन धुऊन काढायची चावी) काही मिनिटं उघडून प्रवाह मुद्दाम वाढवला तर पाइपाची खरी अवस्था बाहेर येते. ते पाणी बागेकडे किंवा संपाकडे वळवायची सोय आधी करा. मोजलेला आणि मॉडेलचा दाब बहुतेक जागी दोन मीटरांच्या आत जुळला, की अशा व्यवस्थेसाठी मी मॉडेल वापरण्याजोगं मानतो.

आठवी पायरी: गळती शोधायची ती सुट्टीत

शहरांत गळती मोजतात ती रात्री दोन ते चारच्या दरम्यान, कारण तेव्हा वापर सर्वांत कमी असतो. विद्यापीठाकडे त्याहून चांगली संधी असते: दिवाळीची सुट्टी. वसतिगृहं जवळपास रिकामी असतात.

रात्री सगळ्या इमारतींच्या जोडण्या बंद करा, उंच टाकीची येणारी लाइन बंद करा, निर्गम व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि टाकीची पातळी तासातासाने लिहा. दहा मीटर आतल्या व्यासाच्या गोल टाकीचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मीटर. पातळी तासाला चार सेंटिमीटर उतरली तर तासाला ३.१४ घनमीटर, दिवसाला ७५ घनमीटर पाणी जमिनीत जातंय. आपल्या ८३६ घनमीटरांच्या आवारात हा जवळपास ९ टक्के हिस्सा झाला. निर्गम व्हॉल्व्हही बंद करून पुन्हा पाहा, म्हणजे टाकी स्वतःच गळते का ते वेगळं कळेल. मग एकेक विभागाची चावी बंद करत जा. ज्या चावीनंतर पातळी उतरायची थांबते, गळती तिच्या पलीकडे. पाणी दिवसातून काही तासच सोडत असाल तर ही गळतीही तेवढेच तास होते, हे हिशेब मांडताना लक्षात ठेवा.

जमिनीखालच्या गळतीइतकंच पाणी कधी कधी गच्चीवरून जातं. फाटलेला बॉल कॉक बदलायला फार खर्च येत नाही. प्रत्येक टाकीचा ओव्हरफ्लो पाइप असा काढा की त्यातून पडणारं पाणी खालून जाणाऱ्याला दिसेल.

पंपाविषयी थोडक्यात

रोज ८३६ घनमीटर पाणी ४५ मीटर उचलायला निव्वळ ऊर्जा लागते सुमारे १०२ युनिट. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षम असतील तर मीटरवर १७१ युनिट पडतील, ४५ टक्के असतील तर २२८. वीज मीटर, प्रवाह आणि दाब एकाच तासात वाचून हा आकडा काढा. कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली गेलेला पंप रिवाइंड करत राहण्यापेक्षा बदलणं सहसा स्वस्त पडतं.

नववी पायरी: पाण्याचा दर्जा

पाणी बंद असताना लाइन रिकामी होते आणि काही ठिकाणी आत ओढ तयार होते. सांध्याशेजारी ड्रेनेजचं चेंबर फुटलेलं असेल तर ती घाण आत खेचली जाते. म्हणून नकाशावर पाण्याची लाइन आणि ड्रेनेज लाइन जिथे जिथे एकमेकींना छेदतात त्या जागा लाल करा आणि तिथले सांधे आधी तपासा. पाणी सुटल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांतलं पाणी पिण्याच्या टाकीत जाऊ न देण्याची सोय करता आली तर जरूर करा.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाशी उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. तपासणी उंच टाकीशी नको, टोकाच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीनंतरच्या नळाशी करा. बाहेरच्या लाइनीत दोन तास काढलेलं पाणी गच्चीवर दोन दिवस काढतं, आणि क्लोरीन तिथे संपतं. गरजेपेक्षा मोठी टाकी म्हणजे सुरक्षितता असं आपण मानतो, पण पाण्याच्या ताजेपणासाठी ते उलट पडतं.

उन्हाळी सुट्टीनंतर वसतिगृहं उघडण्याआधी सगळ्या टाक्या रिकाम्या करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन घ्या. मग इमारतीतला प्रत्येक नळ काही मिनिटं सोडून उभ्या पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाका. हे काम विद्यार्थी यायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी व्हावं, म्हणजे नमुने प्रयोगशाळेत देऊन निकाल हाती येतो.

उपाय कोणत्या क्रमाने सुचवायचे

अहवालात पहिल्या पानावर पाइपलाइन बदलण्याचं अंदाजपत्रक टाकू नका. आधी बिनखर्चाचे उपाय: पाणी सोडण्याचे तास वाढवणं, टोकाच्या विभागाला आधी पाणी देणं, जवळच्या इमारतींच्या जोडण्या थोड्या आवळणं. किती आवळायच्या हे मॉडेल सांगतं. अंदाजाने आवळलं तर तक्रारींची जागा बदलते, संख्या तीच राहते. तास वाढवताना उंच टाकी त्या वेळात पुन्हा भरते का आणि व्हॉल्व्हमनच्या पाळ्या पुरतात का हे पाहावं लागेल. दुसऱ्या माणसाची नेमणूक टँकरच्या बिलापेक्षा स्वस्त आहे का, हा हिशेब अहवालातच मांडा.

त्यानंतर थोड्या खर्चाचे: बॉल कॉक, अडलेले व्हॉल्व्ह, चढाच्या माथ्यावर अडकलेली हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह, प्रत्येक वसतिगृहाला मीटर. मीटरचा आग्रह सोडू नका. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं ते घरोघरी मीटर बसवून. आवारात विद्यार्थ्यांना बिल लावायचं नाहीच आहे, पण कुठलं वसतिगृह दरडोई किती वापरतं हे कळलं तर बिघडलेले फ्लश आणि गळके नळ आपोआप शोधले जातात.

पाइप बदलायचा तो शेवटी, आणि मॉडेलमध्ये ज्या एक-दोन तुकड्यांत प्रति हजार मीटर तोटा सर्वांत जास्त दिसतो तेवढाच. पुष्कळदा दोनशे मीटर बदलून जे साधतं ते दोन किलोमीटरचा प्रस्ताव मंजुरीत अडकल्यामुळे कधीच साधत नाही.

मॉडेलची फाइल, क्यूजीआयएसचा नकाशा आणि मोजमापांच्या मूळ वह्या स्थावर विभागाच्या ताब्यात द्या आणि एक प्रत सिव्हिल विभागात ठेवा. पुढे कुठेही टी मारली, पाइप बदलला किंवा नवी इमारत जोडली की त्याच आठवड्यात तारीख, व्यास आणि व्हॉल्व्ह क्रमांकासह नोंद व्हावी. नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पुढे पाठवायचं नाही, एवढा नियम स्थावर विभागाने केला तरी पुरे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना मग नकाशापासून सुरुवात करावी लागणार नाही. ते थेट चौथ्या पायरीपासून, गेज घेऊन, कामाला लागू शकतील.